जहाज पोचलं का?

माझ्या मुलीला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. घरात राहायला नाही, पडून राहायला. परभणीच्या दवाखान्यात त्यांनी तिच्या छातीला नळी लावली, पाठीला लावली, परत छातीला लावली, आणि मग मला एकटीला व्हरांड्यात नेऊन सांगितलं की गुडघ्या-कोपरांतून फिरणारा तिचा ताप आता हृदयात उतरलाय, झडपेला सूज आहे. धावायचं नाही, चालायचं नाही, उठून बसायचंसुद्धा नाही. सगळं अंथरुणात. किती दिवस, असं मी विचारलं, तर म्हणाले, "दिवस म्हणू नका बाई, महिने म्हणा." मग माझा चेहरा बघून त्यांनी स्वतःची मूठ वळून दाखवली. "एवढंसं असतं ते. सुजल्या पायावर आपण भार देतो का? मग सुजल्या काळजाला पळायला लावायचं नाही. पडून राहिली तर सूज उतरेल. नाही राहिली तर..." खिशातलं पेन काढून चिठ्ठी लिहायला लागले.

मी सहावीतून शाळा सोडलेली बाई. हृदयाला झडप असते हेच मला माहीत नव्हतं. आमच्या कोकणात खाडीकाठच्या शेताला बांध असतो आणि त्या बांधाला लाकडी उघाडी असते. भरतीला ती मिटते, ओहोटीला उघडते. ती सडली की खारं पाणी आत घुसतं आणि शेत कायमचं जातं. मी मनाशी तेवढंच धरलं. मूठ आणि उघाडी. परतीच्या एस.टी.त मुलगी माझ्या मांडीवर आडवी होती आणि खड्डा आला की मी तिच्या छातीवर हात ठेवत होते, जसं काही माझ्या हाताने धक्का अडणार होता.

आम्ही तेव्हा ताडकळसला राहायचो. ह्यांना रस्त्याच्या ठेकेदाराकडे रोलर चालवायचं काम होतं. काम जाईल तिकडे रोलर, आणि रोलर जाईल तिकडे हे. मुलीची शाळा एका जागी व्हावी म्हणून ताडकळसची खोली धरली, तर हे गेले देवगाव फाट्याकडच्या कामावर. महिन्या-पंधरवड्यानं यायचे. माझं माहेर, सासर, दोन्ही समुद्राच्या काठी, दोन दिवसांच्या वाटेवर. गावात मला नाव नव्हतं, 'कोकणातल्या' एवढंच. माणसं वाईट नव्हती. पण पोर आजारी पडल्यावर कुणाच्या दारात जाऊन रडायचं, ते दार मला ठाऊक नव्हतं.

घरमालकीण पुढच्या अंगाला राहायच्या. मी त्यांना काकू म्हणायची. शेती मोठी, आवाज त्याहून मोठा. डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगितलं, तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या.

"हालायचं न्हाई म्हंजे? लेकरू हाय का दगूड?"

"डॉक्टरच म्हणाले काकू."

"डाक्टरला काय जातंय मनायला! त्याला मनाव, चार दिस तूच पडून बघ."

बोलणं कडू होतं, पण बरोबर होतं. दहा वर्षांची पोर, तीसुद्धा असली, की शाळेतून येताना चिंचेवर चढल्याशिवाय यायची नाही. औषधाने ताप उतरला, सांधे मोकळे झाले, तशी तिला वाटायला लागलं की आपण बरे झालो. मी तिला गोष्टी सांगितल्या. माझ्याकडच्या गोष्टी आठवड्यात संपल्या. चिंचोके दिले, आडवं पडून पोटावर खेळायला. पोथीतली चित्रं दाखवली. भाकरी थापताना माझा एक डोळा तव्यावर आणि एक तिच्यावर. तरी एकदा मी हापशावरून पाणी घेऊन आले तर ही दाराच्या चौकटीला धरून उभी. ओठ निळसर. मी घागर तिथंच सोडली. तिला उचलून आडवी केली, छातीवर हात ठेवला, तर आत कोंबडीचं पिल्लू मुठीत धरल्यावर जसं फडफडतं, तसं.

"मी नुसतं बघत होते गं," ती म्हणाली. "मुलं शाळेतून येतात का ते."

त्या दिवसापासून मी तिच्या पायाला माझ्या पदराची गाठ मारून झोपायला लागले.

आता एका मालिकेचं सांगते. त्याच्या आदल्या वर्षी टीव्हीवर रविवारी सकाळी एक इंग्रजी मालिका लागायची, अंतराळातल्या जहाजाची. टीव्ही होता शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे. सर बौद्धवाड्यात राहायचे, आणि रविवारी त्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. मुलगी मला ओढून न्यायची. काळा-पांढरा संच, पडद्यावर निम्म्या मुंग्या. सरांचा पुतण्या वर पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा आणि आतून सगळी पोरं ओरडायची, "आलं! गेलं! आलं आलं!" बोलणं इंग्रजी. सर मधेमधे मराठीत सांगायचे, पण पोरांच्या गलक्यात निम्मं ऐकू यायचं नाही. तरी एवढं कळलं होतं: ताऱ्यांच्या वाटेवर दिवे असतात, ते दिवे दुरुस्त करत फिरणारं हे एक छोटं जहाज. आणि एके दिवशी मागे, त्यांच्या घरचाच दिवा विझतो. तो दिवा बघूनच परतीची वाट सापडायची. आता वाट नाही. दर रविवारी कुठंतरी उजेड दिसतो, ही माणसं धावत तिकडे जातात, आणि ते घर नसतं.

ही गोष्ट मला लगेच कळली होती. सरांनी सांगायची गरज नव्हती.

शेवटचे भाग काही आम्हाला बघायला मिळाले नाहीत. त्या रविवारांना लाईनच नसायची, आणि मग मालिका संपली असं कुणीतरी म्हणालं. मुलीच्या मनात ते अडकून राहिलं. ती आजारी पडल्यावर सर बघायला आले, बिस्किटाचा पुडा घेऊन. तिनं तब्येतीचं काही सांगितलंच नाही.

"सर, जहाज पोचलं का?"

सर हसले. "माझ्याकडे कॅसेटा आहेत की. मेव्हण्याच्या व्हिडिओवर सगळं भरून ठेवलंय, तुम्हा पोरांना शाळेत दाखवायला. बरी झालीस की ये बघायला."

"बरी कधी होणार मी?"

सरांनी बिस्किटाचा पुडा फोडून तिच्या उशाशी ठेवला.

ते दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा वाद कितीतरी वर्षांचा, मधे थंड व्हायचा, मधे पेटायचा. मी बाहेरची, मला त्यातलं फार कळायचं नाही. एवढं कळायचं की चहाच्या टपरीवर बसणारी माणसं अचानक दोन बाकांवर वेगवेगळी बसायला लागली की काहीतरी होणार. त्या आठवड्यात तसंच झालं. परभणीत दगडफेक झाल्याची बातमी आली. उद्यापासून गाड्या बंद, असं कंडक्टर सांगून गेला.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. मुलीला ठरलेल्या दिवशी एक इंजेक्शन द्यावं लागायचं. ताप पुन्हा उलटू नये म्हणून. तो उलटला तर झडप राहायची नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. ती बाटली ताडकळसला मिळायची नाही, परभणीहून आणावी लागायची. दिवस जवळ आला होता. हे देवगाव फाट्यावर. गाड्या बंद.

त्याच दिवशी दिवेलागणीला सर आणि त्यांच्या बाई मागच्या दाराने आले. दोघांच्या मधे वाकळेत गुंडाळलेलं काहीतरी जड. आत आणून ठेवलं, वाकळ सोडली, तर नवा रंगीत टीव्ही. मागून पुतण्या मेव्हण्याचा व्हिडिओ आणि कॅसेटांची पिशवी घेऊन आला.

"ताई, हे तुमच्याकडे राहू द्या," सर म्हणाले. "पोरीला बघायला होईल."

"सर, एवढं महागाचं... मला लावतासुद्धा येत नाही."

"सोपं आहे. हा त्रिकोण दाबला की चालू, हा चौकोन दाबला की बंद."

त्यांच्या बाई वाकळेची घडी घालत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या घरी ठेवलं तर ऱ्हाईल का न्हाई, सांगता येत न्हाई ताई. मागल्या येळंला माझ्या भावाचं घर पेटलं. भांडं ऱ्हायलं न्हाई."

सर मुलीला त्रिकोण-चौकोन दाखवत होते. ते सगळे शेवटच्या गाडीने परभणीला, आपल्या माणसांच्या मोठ्या वस्तीत, मेव्हण्याकडे निघाले होते. दाराशी जाऊन सर परत वळले. "इंजेक्शनची चिठ्ठी द्या माझ्याकडे. येताना घेऊन येतो."

स्वतःचं घर कुलपाच्या भरवशावर सोडून जाणाऱ्या माणसाला माझ्या पोरीच्या बाटलीची आठवण राहिली. आजसुद्धा ते दार आठवलं की माझे हात आपोआप जोडले जातात. मी चिठ्ठी दिली. ती देताना मनात आलं, ही आता गेली ती गेली. गाड्या कधी सुरू होणार, सर कधी परत येणार, कोणाला ठाऊक. पण माझ्याकडे तरी दुसरा हात कुठला होता?

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईन आली तशी मी पहिली कॅसेट घातली. त्रिकोण दाबला. मुलगी उशीवर मान वळवून बघत होती. जहाज आलं, आणि आम्ही दोघी एकदम ओरडलो. मुंग्या नव्हत्या! काळं अंतराळ खरोखर काळं होतं. जहाज गंजल्या तांबड्या रंगाचं होतं, ह्यांच्या रोलरसारखं. आणि जहाज चालवणारी जी बाई, जिला आम्ही सगळे 'म्हातारी' म्हणायचो तिच्या पांढऱ्या केसांमुळे, तिचे केस पांढरे नव्हतेच. सोनेरी होते. म्हातारी तरणीताठी बाई होती.

"आई, आपण तिला उगाच म्हातारी केलं," मुलगी हसून म्हणाली. किती दिवसांनी हसली होती. तरी आम्ही तिला म्हातारीच म्हणत राहिलो.

इंग्रजी मला कळत नव्हतं. मुलीलाही नाही. मग मी त्यांच्या तोंडाकडे बघून मराठीत बोलायला लागले. म्हातारी लांब्याला, म्हणजे जहाजावरच्या त्या उंच गड्याला, काहीतरी रागावून म्हणाली की मी म्हणायची, "अरे, स्क्रू कुठं ठेवलास? एक वस्तू जागेवर नसते तुझी." मुलगी मला दुरुस्त करायची, "तसं नाही म्हणाली ती. ती म्हणाली, घाबरू नकोस." खरं काय ते सरांनाच ठाऊक. पण या खेळात ती तास-तास पडून राहायची, मान सोडून काहीही न हलवता. मी तिच्या छातीवर हात ठेवून बघायची. पिल्लू शांत असायचं.

एका दिवशी एकच भाग दाखवायचा असं मी ठरवलं. कॅसेटा मी पुरवून वापरत होते, रॉकेल पुरवतात तशा. रोज संध्याकाळी पिशवीत हात घालून चाचपायची: उरल्या किती, आणि रस्ता उघडला का. दोन्ही गोष्टी मला एकच वाटायला लागल्या होत्या. कॅसेटा संपायच्या आत गाड्या सुरू झाल्या पाहिजेत. इंजेक्शनचा दिवस येऊन उलटून गेला. मी रोज तिचे गुडघे दाबून बघायची, सूज आली का. घसा बघायची. तिला शिंक आली तरी मी तिचा ताप बघायची.

काकूंना आवाज गेला नाही असं कसं होईल? दुसऱ्याच दुपारी त्या दारात.

"हे मास्तरचं हाय ना?"

मी मान हलवली.

"गावात काय चाललंय, दिसंना का तुमाला? आन् तुमी त्यांचं सामान माझ्या घरात आणून ठिवलं. उद्या कुणी इचारलं तर मी काय सांगू? काढा हे. आजच्या आज काढा."

"काकू, पोरीसाठी..."

"पोरीसाठी मलाबी वाईट वाटतंय. पण माझं घर हाय." एवढं बोलून त्यांचं लक्ष पडद्यावर गेलं. तिथे लांब्या जहाजाच्या बाहेर दोरीला लोंबकळत होता. "हे काय करायलाय वर?"

"दिवा दुरुस्त करतोय," मुलगी म्हणाली.

"पडंल की मेला!"

"खाली काही नाहीच पडायला, काकू."

काकू उंबऱ्यावर टेकल्या. "खाली काही न्हाई म्हंजे? जमीनच न्हाई? मग ही माणसं खातेत काय?" आणि तो भाग संपेपर्यंत त्या तिथेच. संपल्यावर गुडघ्यावर हात देऊन उठल्या, लुगडं झटकलं. "उद्याच्याला काढा बरं का हे."

दुसऱ्या दिवशी त्या परत काढायला सांगायला आल्या, बरोब्बर जहाज सुरू व्हायच्या वेळेला. उंबऱ्यावरून आत पोत्यावर सरकल्या. म्हातारी त्यांना आवडायची नाही. "बाई असून लय हुकूम सोडती." लांब्या त्यांना त्यांच्या धाकट्या दिरासारखा वाटायचा, "उंच हाय नुसता, कामाचा न्हाई." आणि उजेड दिसला, सगळे धावले, घर नव्हतंच, असं झालं की काकू चुकचुकायच्या आणि मग माझ्याकडे वळून म्हणायच्या, "उद्याच्याला काढा हे. मी मनून सांगायले, दुसरी आसती तर बाहेर फेकलं आसतं."

मला त्या रोजच्या वाक्याची भीती वाटायची. मुलीला हसू यायचं. मी म्हणायची, हसू नको, हसण्यानंसुद्धा छाती हलते.

एकदा दुपारी बाहेर गलका झाला. काकू पुढच्या ओट्यावर तूर निवडत होत्या. चार-सहा जण आले, गावातलेच. मी दाराआड उभी. मुलीला तोंडावर बोट ठेवून खूण केली.

"मावशी, मास्तरचं सामान हितं हाय म्हणं?"

"कुणाचं सामान?" काकूंचा आवाज चढला. "माझ्या घरात माझं सामान ऱ्हाईल, का गावचं? आत पोरगी बेजार हाय काळजाच्या दुखण्यानं. तिला आरडून मारायलात का? जा आपल्या घरला. तुझ्या मायला सांगते, थांब, दुपारचं काम सोडून कुठं हिंडायलास ते."

पोरं गेली. काकू तणतणत आत आल्या, माझ्याकडे बघितलं नाही, पडद्यासमोर पोत्यावर बसल्या. "लावा," म्हणाल्या. थोड्या वेळानं, "उद्याच्याला काढा बरं का."

एका दिवशी चित्रात आडवे पट्टे यायला लागले, म्हातारीचं तोंड फाटल्यासारखं. मुलगी घाबरली. सरांच्या पुतण्यानं जाता जाता सांगितलं होतं, कोऱ्या कागदाची घडी स्पिरिटात बुडवून आतल्या चकतीला लावायची. स्पिरिट घरात होतं, इंजेक्शन दिल्यावर लावायचं. मी थेंब-थेंब वापरलं. इंजेक्शनची बाटली नाही आणि स्पिरिट मात्र यंत्राला, असं मनात येत होतं. चित्र नीट झालं. स्पिरिट किती उरलं ते मी बाटली उजेडात धरून बघितलं.

आणि मग पिशवीत एकच कॅसेट उरली.

मी ती दोन दिवस लावली नाही. लाईन नाही असं सांगितलं. मुलगी हुशार, बाहेर पिठाच्या गिरणीचा आवाज ऐकून म्हणाली, "गिरणी चालू आहे की." काकूसुद्धा येऊन दोनदा विचारून गेल्या. मग लावली. काकू पोत्यावर. मुलगी उशीवर, डोळे मोठ्ठे. जहाजातला एकेक दिवा विझत होता. म्हातारी एकटीच खिडकीशी उभी. लांब पुढे एक बारीकसा उजेड. सगळे ताठ होतात. म्हातारी तोंड उघडते, काहीतरी बोलणार...

आणि पडदा थरथरला, पट्टा गेला, आणि हलगी वाजायला लागली.

आमच्याच गावचा रस्ता. निळे झेंडे. ट्रॅक्टरवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला हार. पुढे माणसं नाचताहेत, बायका, पोरं, गुलाल नाही, निळी उधळण. चौदा एप्रिलची मिरवणूक. कुणीतरी त्याच कॅसेटवर भरली होती.

मी त्रिकोण दाबला, चौकोन दाबला, परत त्रिकोण. मिरवणूकच.

"आई, जहाज?" मुलगी म्हणाली. "जहाज कुठं गेलं?"

"थांब, बघते मी."

"पोचले का? ती बोलणार होती काहीतरी! आई, पोचले का?" आणि ती उठून बसली. सरळ, दोन्ही हातांवर भार देऊन, पुढं झुकून. तिचा गळा वर-खाली व्हायला लागला. डोळ्यातून पाणी. मी तिला धरून आडवी करू बघतेय आणि ती जोर लावतेय, "नाही, मला बघू दे, पोचले का सांग!" माझ्या हाताखाली ती फडफड. मी नुसती "झोप गं, झोप गं बाई" म्हणत होते, आणि जितकं म्हणत होते तितकी ती जास्त रडत होती. ओठांचा रंग मी बघितला. मला वाटलं, आता. आता उघाडी जाणार.

"आगं, पोचले की!"

काकू होत्या. पोत्यावरून उठल्या नव्हत्या. बोट पडद्याकडे.

"बघ की बाई नीट. एवढी माणसं आलीत न्यायला. वाजंत्री हाय, झेंडे हायत. कुणी आल्याबिगर एवढी माणसं रस्त्यावर येतेत का?"

मुलगी थांबली. हुंदका अर्ध्यात. "हे त्यांना न्यायला आलेत?"

"मग? उगाच नाचायलेत का? कवाची गेलेली माणसं घरला आली. झोप खाली, झोपून बघ. आत्ता उतरतेत ते."

ती हळूहळू उशीवर टेकली. डोळे पडद्यावर. मी तिच्या छातीवर तळवा ठेवून बसले. हलगी वाजत होती. काकू बघत होत्या, आणि एकदम पुढं झुकल्या. "आगं बया! ही तर आमच्याकडं कामाला येती ती! बघा कशी नाचायली. निंदायला ये म्हणलं की कंबर दुखती हिची!" पडद्यावर ती बाई डोक्यावर हात नेऊन, डोळे मिटून नाचत होती. काकू मिरवणूक संपेपर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या.

"उतरले का?" मुलीनं विचारलं. तिचा आवाज झोपाळला होता.

"उतरले," काकू म्हणाल्या.

त्या दिवशी त्या उद्याच्याला काढा म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पहिली गाडी आली. सर आधी स्वतःच्या घरी गेले नाहीत, आमच्या दारात आले. रुमालात गुंडाळलेली बाटली माझ्या हातात दिली. गावच्या डॉक्टरांनी त्याच दुपारी टोचली. मी सरांच्या पायाला हात लावायला गेले तर ते मागे सरकले. "ताई, असं करू नका." त्यांच्या बाईंना मी साखर घातलेलं पाणी दिलं, दुसरं घरात काही नव्हतं.

शेवटच्या कॅसेटचं कळल्यावर सरांनी कपाळाला हात लावला. भरलेल्या कॅसेटवर कुणी दुसरं भरू नये म्हणून मागची प्लॅस्टिकची टिकली त्यांनी मोडून ठेवलेली होती. पुतण्यानं त्या भोकावर चिकटपट्टी लावून भाड्याच्या कॅमेऱ्यानं मिरवणूक भरली. "गाढवाला दुसरी कॅसेट मिळाली नाही," सर म्हणाले. "पोरीला फार वाईट वाटलं असेल."

मी त्यांना बाहेर नेलं आणि काकू काय म्हणाल्या ते सांगितलं. आणि मग मलाच राहवेना. "सर, खरं काय झालं हो? पोचले का ते?"

सरांनी आमच्यामागचं दार ओढून घेतलं. मग म्हणाले, "शेवट नव्हताच, ताई. तो उजेड दिसतो, आणि तिथंच मालिका संपते. तिकडे पुढं काढलीच नाही म्हणे कुणी. ते अजून फिरतच आहेत."

आत मुलगी काकूंना काहीतरी सांगत होती. मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "मी नाही सांगणार."

परभणीच्या डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली, पाठीला लावली, परत छातीला लावली. या वेळी मला व्हरांड्यात नेलं नाही. तिथंच म्हणाले, "सूज उतरतेय. पडून राहिली म्हणून. पण घाई नाही करायची, अजून महिने आहेत." झडपेत दोष राहिला तो राहिलाच, पुढे वर्षानुवर्षं तिला ती इंजेक्शनं घ्यावी लागली. पण ती उठली, चालली, शाळेत गेली. ते नंतरचं.

तेव्हा मात्र अजून महिने होते, आणि कॅसेटा संपल्या होत्या. सर म्हणाले, संच राहू द्या, आम्हाला कुठं घाई आहे. मी मुलीला विचारलं, आता काय करायचं गं? ती म्हणाली, "पहिल्यापासून."

पहिली कॅसेट लावली. काकू पोत्यावर येऊन बसल्या. घरचा दिवा विझला. जहाजातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मला आता माहीत होतं की ती कुठंच पोचणार नाहीत, आणि माझ्याने ते बघवेना. मी मराठीत त्यांच्यासाठी काही बोलू शकले नाही. म्हातारी खिडकीशी तोंड झाकून रडत होती.

"रडू नको गं म्हातारे," मुलगी पडल्या पडल्या पडद्याला म्हणाली. "तुला माहीत नाही अजून. तुम्ही पोचता. लय माणसं येतात न्यायला."

मी काकूंकडे बघितलं नाही, काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. मी तिच्या छातीवर हात ठेवला होता. आत सावकाश, एकसारखं चाललं होतं.